झाडलोट

शनिवारी रात्री कंदिलाची काच पुसली
आणि लिहिलेला उपदेश चौथ्यांदा खोडला.
आईच्या पाठीवर चितेंजेत बांधलेल्या तान्ह्यापासून
पहिल्या बाकावर घोरणाऱ्या चिउमिया म्हाताऱ्यापर्यंत
एकच गोष्ट सगळ्यांना पुरवायची कशी?
पाच भाकरींचं एक वेळ जमतं.
शब्दांचं तसं नसतं.

मग सुचलं : नाणं.
दहा क्वाचांचं, जुनं, कडा झिजलेलं,
ज्यात आता एक टोमॅटोही येत नाही.
अंधारातच चर्चमध्ये गेलो,
तिसऱ्या बाकाच्या पायाशी सिमेंट फुटलंय
तिथल्या भेगेत ते दडवलं.
परतताना स्वतःवर खूश होतो.
हेही कबूल करायला हवं.

सकाळी म्वेरा सुटला होता.
सरोवर खवळलेलं, होड्या वाळूवर पालथ्या,
म्हणून त्या रविवारी पुरुषही आले,
अंगाला वाळत्या उसिपा मासळीचा वास घेऊन.
आमच्याकडे धूप म्हणजे तोच.

लूकचा पंधरावा अध्याय वाचला.
एका बाईची दहा नाणी. एक हरवलं.
तिनं दिवा लावला, घर झाडलं,
सापडेपर्यंत कोपरा न् कोपरा धुंडाळला,
मग मैत्रिणी, शेजारणी बोलावल्या :
माझ्यासोबत आनंद करा!
पुस्तक मिटून म्हणालो,
"मुलांनो, या घरातही एक हरवलंय. उठा, शोधा!"

काय तो गलका!
वनांग्वा व्यासपीठाखाली शिरला, तिथंच अडकला.
तेम्वानं मोठा ढोल उलटा केला.
लुसुंगु, सगळ्यांत धाकटी,
आजोबांच्या बुटात हात घालून आली.
चिउमिया दचकून उठले : "आग कुठं लागली?"
मी तिसऱ्या बाकाकडे डोळ्यांनी खुणावत होतो,
पाळकाला शोभणार नाही इतक्या वेळा.

अखेर लुसुंगु तिथं वाकली.
भेगेत बोट घातलं, फिरवलं.
"पाळकबाबा, इथं तर फक्त मुंग्या आहेत."

झगा सावरत मी गुडघ्यांवर बसलो.
भेग रिकामी.
वर बघितलं तर दोनशे माणसं
माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होती
आणि माझ्याकडे ते नव्हतं.

पार मागून, दारालगतच्या चटईवरून
न्याम्फांडे आजी उठल्या.
उठायला त्यांना वेळ लागतो,
गुडघ्यांशी बोलणी करावी लागतात.
रोज पहाटे त्याच चर्च झाडतात.
कुणी नेमलं, केव्हापासून,
मला माहीत नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

"दहाचं होतं का ते? कडा झिजलेलं?
केरात निघालं पहाटे.
धुतलं, पदराला पुसलं, दानपेटीत टाकलं."

हशा पिकला. कुणी बाई आनंदानं चीत्कारली.
पण तेम्वा माझाच धडा शिकून बसलेली,
ढोलावरून तिनं ओरडून विचारलं,
"मग शेजारणींना का नाही बोलावलंत, आजी?
हरवलेलं सापडलं म्हणून?"

आजींनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
जरा गोंधळून, जसं काही चुकलंच त्यांचं.
"हरवलंय हे मला कुठं ठाऊक, बाळा?
मला वाटलं,
कुणीतरी दिलंय."

हातातली चार पानं घडी करून बायबलात ठेवली.
आमेन कोण म्हणालं, आठवत नाही.
स्तोत्र कुणीतरी चुकीच्या सुरात उचललं
आणि सगळे त्याच सुरात गेले.

दुपारी खजिनदार न्यिरेंडा
टेबलावर नाण्यांचे ढीग लावत होते.
ते एक त्यांनी बाजूला सारलं.
"हे आता बाजारात चालत नाही, पाळकबाबा."
"मोजा," मी म्हणालो.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं,
वाद नाही घातला.
लावलेले सगळे ढीग मोडले
आणि पहिल्यापासून मोजायला घेतले.